लॅन केबल की वाय-फाय?

राउटर दिवाणखान्यात आणि संगणक आतल्या खोलीत असल्यामुळे व्हिडिओ सारखा अडखळत असेल, तर राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल ओढावी की नवा वाय-फाय राउटर घ्यावा, असा पेच शेजारच्या काकांना पडला होता. वेगाचा बाऊ प्रथम बाजूला ठेवावा: नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) वेग सुचवते, त्यामुळे राउटरच्या खोक्यावरील भलेमोठे आकडे येथे गैरलागू ठरतात. खरा फरक स्थैर्याचा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरचा वाय-फाय भिंतींतून बरा पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी आणि चालू मायक्रोवेव्ह त्यात व्यत्यय आणतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असला, तरी दोन भिंतींपलीकडे मंदावतो. कॅट-५ई प्रकारची लॅन केबल मात्र १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस वेग पेलते, आणि घरापुरता तिचा खर्चही काही शे रुपयांचाच. कष्ट तेवढे अधिक: भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकायच्या, चौकटीतून वाट काढायची आणि केबल दारात चेपली (आमची चेपली होती), तर सगळे पुन्हा करायचे. एका जागी असलेल्या संगणकासाठी केबलच घ्यावी. घर भाड्याचे असेल किंवा लॅपटॉप खोल्याखोल्यांतून फिरत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय बरा, फक्त राउटर कपाटात न कोंडता उंचावर ठेवावा.