१२ व्होल्टच्या पट्टीला कंपनीने धाडला २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर

हॉलच्या पीओपीच्या खाचेत बसवलेली ही पाच मीटरची एलईडी पट्टी दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत छान चालली. उजेड मऊ, मागचा गोंदही सुटला नाही. मग अ‍ॅडॅप्टर गेला. वॉरंटीत होता म्हणून कंपनीने बदलून दिला आणि तिथेच घात झाला.

बदलून आलेला २४ व्होल्टचा निघाला. खोका तोच, रंग तोच आणि गोल पिनही तीच, ५.५ बाय २.१ मिलिमीटरची, सरळ आत जाणारी. माझा सगळा राग या पिनवर आहे. दोन वेगळ्या व्होल्टेजना एकच पिन आणि फरक सांगायला पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांचं लेबल? निदान मोठा रंगीत स्टिकर तरी लावा! इलेक्ट्रिशियनने जोडताच पट्टी भगभगीत निळसर पेटली. बटण बंद करेपर्यंत वायरीजवळचा भाग काळा पडला होता, घरभर जळका वास.

१२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि करंट आवरणारा एक रेझिस्टर अशा साखळ्या असतात. एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेले रेझिस्टर झेलतो. २४ दिले की एकट्या रेझिस्टरवर चौदाच्या आसपास येतात आणि करंट चार-पाच पट होतो. उलट, २४ची पट्टी १२वर लावली असती तर ती पेटलीच नसती, पण जळलं काहीच नसतं.

पट्टी भिकार, असंच मी आधी लिहिणार होतो. मत बदललं. साखळ्या समांतर असतात, म्हणजे प्रत्येक वेगळी विजेला जोडलेली, त्यामुळे लांबच्या टोकाकडचा बराच भाग शाबूत निघाला. कापायच्या खुणेवर जळका तुकडा काढला, बाकीची वाचली. नवा रोल कशाला घ्यायचा?

पहिला अ‍ॅडॅप्टर का गेला, तेही तेव्हाच उलगडलं. पट्टीला दर मीटरमागे १४.४ वॅट लागतात, म्हणजे पाच मीटरला ७२ वॅट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. सोबत दिलेला होता ५ अँपिअरचा! आणि कस्टमर केअरवाले मुंबईच्या दमट हवेला दोष देत होते.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्ट, ८.५ अँपिअरचा जाळीचा एसएमपीएस, म्हणजे अ‍ॅडॅप्टरचंच काम करणारा धातूचा डबा, आणला. दुकानदाराने आधी पट्टीवरचा व्होल्टचा छापा बघितला, मगच माल काढला. एवढंच तर कंपनीच्या गोदामात करायचं होतं. एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, म्हणून जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतली.

पट्टीला चार तारे, अ‍ॅडॅप्टरला एकही नाही. एसएमपीएसचे पैसे कंपनी देत नाही म्हणते, म्हणून ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जळका तुकडा आणि ते लेबल, दोन्हींचे फोटो जोडलेत.