तुंबाड : सहा वर्षांनी दुसऱ्यांदा पाहताना

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी भयपट मी ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्यांदा पाहिला, तेव्हा रात्रीच्या खेळाला आम्ही मोजून अकरा प्रेक्षक होतो आणि त्यांपैकी दोघे मध्यंतरानंतर परत आलेच नाहीत. १३ सप्टेंबर २०२४ रोजी हाच चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मात्र रविवारचे तिकीट मिळवण्यासाठी पडद्यापासून तिसऱ्या रांगेत मान वर करून बसण्याची तयारी ठेवावी लागली. पुनःप्रदर्शनात चित्रपटाने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली, ही गोष्ट आपल्याकडे सहसा घडत नाही. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. वाचनालयातून भयकथाकार नारायण धारपांची पुस्तके आणून रात्री पांघरुणात वाचणाऱ्या पिढीतला एक सामान्य प्रेक्षक आहे, आणि हा अभिप्राय त्याच नात्याने लिहीत आहे.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याबरोबर धान्यावरही हक्क सांगू लागला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवले, पण त्याची पूजा कधीही होणार नाही, या अटीवर. तुंबाडच्या वाड्याखाली हा गर्भ आहे आणि तिथे सोन्याच्या मोहरांनी भरलेला लंगोट नेसलेला, युगानुयुगे उपाशी असलेला हस्तर आहे. वाड्यातल्या सरकारांच्या अनौरस मुलाला, विनायकला, लहानपणीच या धनाचा वास लागतो. आई त्याला पुण्याला घेऊन जाते, तुंबाडला परत न जाण्याचे वचनही घेते, आणि पंधरा वर्षांनी तो परत जातोच.

दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष राक्षसापेक्षा विनायकच्या कामाच्या पद्धतीवर अधिक गेले. विहिरीत दोर सोडायचा, खाली उतरायचे, पिठाचे रिंगण आखून त्याच्या आत उभे राहायचे, कणकेची बाहुली पुढे करायची, हस्तर त्या खाण्यावर झेपावला की त्याच्या लंगोटाला हिसडा द्यायचा, खाली पडलेल्या मोहरा उचलायच्या आणि तो रिंगणाबाहेर चरफडत असतानाच दोर धरून वर यायचे. हे सारे दिग्दर्शकाने एखाद्या सुताराचे किंवा सोनाराचे काम दाखवावे तशा शांतपणे दाखवले आहे. एका फेरीत मूठभर मोहरा मिळतात. त्या पुण्यात सावकाराकडे मोडायच्या, पैसा उडवायचा आणि संपला की पुन्हा तुंबाडची वाट धरायची. या धंद्यात भांडवल म्हणजे फक्त कणीक आणि छाती. म्हणूनच पुढे विनायक आपल्या पायाने अधू मुलाला, पांडुरंगला, हे काम शिकवू लागतो, तेव्हा अंगावर येणारा काटा भुताखेतांमुळे आलेला नसतो. एखादा बाप मुलाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवतो, त्याच अभिमानाने हा बाप मुलाला विहिरीत उतरवत असतो, आणि मुलालाही ते आवडत असते.

'हा चित्रपट भीतिदायक नाही', अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. दचकवणारी दृश्ये यात हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्यांना दाराआडून अचानक चेहरा पुढे यावा आणि पाठोपाठ वाद्यांचा कल्लोळ व्हावा अशी अपेक्षा असेल, त्यांची निराशा होईल. मात्र पहिल्या भागातली साखळदंडांनी बांधलेली म्हातारी, तिला वेळेवर भरवण्याची घरादाराची धडपड आणि तिला झोपवण्यासाठी उच्चारायचे हस्तरचे नाव, एवढ्या ऐवजावर उभा राहिलेला अर्धा तास मला आजही हिंदी भयपटांतला सर्वोत्तम वाटतो. दुष्काळातही घरातल्या एका तोंडाला आधी घास द्यावा लागतो, ही कल्पना आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळची आहे. ही म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या बालकलाकाराने केल्या आहेत, हे मला पहिल्या वेळी कळलेही नव्हते.

पावसाबद्दल लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. चित्रपटात ऊन जवळपास नाहीच. खऱ्या पावसात चित्रण करायचे म्हणून निर्मात्यांनी अनेक पावसाळे थांबून काम केले, आणि ते थांबणे पडद्यावर दिसते. शेवाळलेल्या भिंती, चिखलात रुतणारे पाय, करड्या आभाळाखालचा ओला माळ, हे सारे पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने असे टिपले आहे की चित्रपटगृहातल्या थंड हवेत कपडे दमट झाल्यासारखे वाटतात. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन या तिन्हींसाठी त्याला फिल्मफेअर पारितोषिके मिळाली, ती योग्यच होती. गर्भातल्या दृश्यांत भिंतींचा लालसर, ओलसर, धडधडणारा मांसलपणा आणि बाहेरचा राखाडी पाऊस यांतला फरक मोबाइलच्या पडद्यावर हरवून जातो. म्हणून ज्यांनी तो फक्त मोबाइलवर पाहिला आहे, त्यांनी संधी मिळाल्यास मोठ्या पडद्यावर जरूर पाहावा.

आता थोडे गाऱ्हाणे. तुंबाड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी आहे आणि श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ते स्वतःच्या आजोळाइतके ओळखीचे आहे. चित्रपटाने नाव तिथून उचलले, वाडा मात्र सासवडचा आहे. बुरुजांचा, भक्कम तटाचा तो सरदारी वाडा देखणा आहे, यात शंका नाही. पण कोकणातल्या खोताचे घर म्हटले की जांभ्याच्या भिंती, उतरती कौले, पडवी आणि मागे पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते, आणि येथे समोर येतो तो अस्सल देशावरचा उजाड माळ. मराठी प्रेक्षकाला ही घाट ओलांडण्याची चूक पहिल्या काही मिनिटांतच जाणवते. दुसरी अडचण भाषेची. विनायकराव, वैदेही, सदाशिव, पांडुरंग अशा नावांची माणसे आपसांत हिंदी बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रत्येक वाक्याचे मराठी आपोआप तयार होत राहते. या चित्रपटाची मराठी आवृत्ती असती, तर म्हातारीचा प्रसंग कुठल्या कुठे गेला असता, असे मला दोन्ही वेळा वाटले.

याची हळहळ अधिक वाटते, कारण चित्रपटाचे मूळच मराठी आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितलेली धारपांची कथा बर्वे यांच्या मनात रुजली आणि तिचा चित्रपट व्हायला पुढे पंचवीस वर्षे लागली. राही बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. तेव्हा गोष्ट सांगण्याचा वारसा घरातलाच. धारपांच्या वाचकाला हस्तर हे नावही ओळखीच्या वळणाचे वाटेल. अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स यांच्या एका जुन्या कथेत 'हॅस्टर' हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. पुढच्या लेखकांनी त्याला भेसूर केले. परदेशी भयकथेचे असे बीज मराठी मातीत रुजवण्याचे काम धारपांनी आयुष्यभर केले, आणि येथे त्या कलमाला पुराणकथेची साल इतकी बेमालूम चढली आहे की अनेक प्रेक्षक हस्तर कोणत्या पुराणात आहे, याचा शोध घेताना मी पाहिले आहेत.

सोहम शाह यांनी विनायकचा माजोरीपणा नेमका पकडला आहे. मिशीला पीळ देत पुण्यातल्या रस्त्यावरून चालण्याची त्यांची ऐट आणि हळूहळू थकत चाललेले शरीर, दोन्ही पटते. अनिता दाते यांच्या वाट्याला मात्र फारच कमी आले आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतली राधिका म्हणून त्यांना घराघरांत ओळखणाऱ्या प्रेक्षकांना विनायकच्या बायकोची, वैदेहीची, मुकी धुसफूस पाहून या अभिनेत्रीला आणखी दोन प्रसंग हवे होते, असे वाटल्यावाचून राहणार नाही. एकूणच मधल्या भागातल्या स्त्रिया विनायकच्या संपत्तीचे मोजमाप म्हणून येतात आणि जातात. सुरुवातीचे निवेदनही मला नको होते. हस्तरची सारी कुंडली पहिल्याच मिनिटाला हातात दिल्यामुळे वाड्यातल्या रहस्याची धार थोडी बोथट होते. शेवटी गर्भात एकाऐवजी अनेक हस्तर अवतरतात, तिथे संगणकाची कारागिरी उघडी पडते आणि भीतीची जागा धावपळ घेते.

प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असल्याने लहान मुलांना नेण्याचा प्रश्नच येत नाही. एकशे चार मिनिटांचा हा चित्रपट मला पहिल्या वेळी आखूड वाटला होता, दुसऱ्या वेळी अगदी बेताचा वाटला. शेवटच्या प्रसंगात हस्तरच्या शापाने विद्रूप झालेला बाप मोहरांनी भरलेला तो लंगोट पांडुरंगपुढे धरतो आणि मुलगा हात पुढे करत नाही. चित्रपटगृह नि:शब्द झाले होते. तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एक कोवळा आवाज अगदी कळवळून म्हणाला, "अरे, निदान एक तरी उचल की!"