हाऊसची कंपायलेशन: सुटे ट्रॅक घ्यायचे का सलग मिक्स?
एका छोट्या इंडिपेंडंट लेबलची नवी हाऊस कंपायलेशन आली, म्हणजे क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ट्रॅकचा संग्रह, दोन प्रकारात, एकात सुटे ट्रॅक आणि दुसरा म्हणजे डीजेनं जोडून दिलेला सलग मिक्स, झालं, विश्रामबागला भडंग खात खात आमचा वाद सुरू की घ्यायचं कुठलं.

सलग मिक्स ऐकायला भारीच. सांगलीतनं कोल्हापूरला निघताना गाडीत लावला की बटणाला हात लावायला नको. पण मधलाच एक ट्रॅक वाजवायचा म्हटलं की आधीच्याची शेपटी त्यात अडकलेली, मग काय उपयोग.

खरी मजा सुट्यात. क्लबसाठीच्या एक्स्टेंडेड मिक्सला, म्हणजे एकाच ट्रॅकच्या लांबवलेल्या आवृत्तीला, सुरुवातीला आणि शेवटी बऱ्याचदा नुसता बीट सोडलेला असतो, १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) ३२ बार, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे साधारण ६२ सेकंद, तेवढ्यात पुढचा ट्रॅक आरामात जुळतोय. १९८० च्या आसपास शिकागोच्या वेअरहाऊस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स पण असंच गाणी लांबवून, जोडून पब्लिक नाचतं ठेवायचा, आणि हाऊस हे नाव त्या क्लबावरनंच पडलं असं मानतात.

सुटे घेताना फाईल तेवढी बघा राव. वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाईलमध्ये, सहा मिनिटांचा ट्रॅक ६० एमबीच्या वर जातो, ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला किती डेटा ते) दाबलेल्या एमपीथ्रीत १५ च्या आत, आणि ३२० असलं तरी माझं भागतंय, पण १२८ वालं डॉल्बीवर लावलं की हाय-हॅट (ड्रमची झांज) पाण्यात बुडाल्यासारखा वाजतोय.

मी सुटे घेतले. मित्रानं मिक्स घेतला, त्याला कुठं वाजवायचंय, त्याला गाडीतच ऐकायचंय.