१० बाय १२ चं ग्रीनहाऊस किट, घटपर्णी आणि कोकणातले दोन पावसाळे

आधीच सांगतो, हे किट मी भाजीसाठी घेतलेलं नाही, त्यामुळे ढोबळी मिरची किंवा काकडी लावणाऱ्यांना यातलं अर्धंच कामाला येईल. मी घेतलं घटपर्णीसाठी. घटपर्णी म्हणजे नेपेंथिस, पानाच्या टोकाला झाकणवाला घडा लोंबतो आणि त्यात पडलेले किडे जिरवते ती. आमचं घर गणपतीपुळ्याच्या अलीकडे, समुद्र जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. २०२३ च्या ऑक्टोबरात किट उभं केलं, तेव्हा माझ्याकडे सात कुंड्या होत्या, आज त्रेचाळीस आहेत, आणि मधे दोन उन्हाळे दोन पावसाळे पूर्ण काढलेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, हल्ली असलं किट बरेच जण विकतात आणि सामान सगळ्यांचं जवळपास तेच असतं.

किंमत ३८ हजार, ट्रान्सपोर्टचे साडेचार हजार वेगळे. त्यात जीआय पाइपचा सांगाडा, २०० मायक्रॉनची यूव्हीवाली प्लास्टिक फिल्म, ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट, फिल्म चॅनलमध्ये दाबून बसवायच्या झिगझॅग स्प्रिंगा, पाण्याचं धुकं उडवणारे आठ फॉगर, छोटा पंप आणि टायमर. सांगाडा खरंच चांगला आहे, त्यात खोट काढणार नाही. खड्डे दीड फूट घ्या म्हणून कागदावर लिहिलेलं, पण आमच्याकडे फुटभर माती गेली की खाली जांभ्याचं कातळ लागतं, मग ब्रेकर आणून भोकं पाडली आणि पाय त्यातच सिमेंटने बसवले. पावसाळ्यात इथे समुद्रावरून काय वारा येतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले पण हे एक इंच हललं नाही.

आता फिल्म. मूळ घोळ इथेच आहे आणि हा रिव्ह्यू मी मुख्यतः यासाठीच लिहितोय. नोव्हेंबर ते जानेवारी आत सगळं छान होतं. फेब्रुवारीपासून दुपारी आत गेलं की श्वास कोंडायचा. एप्रिलात एका दुपारी बाहेर ३४ होतं आणि आत थर्मामीटरवर ४४. बाजूचे पडदे वर गुंडाळले तरी छपराखाली गरम हवा साचून राहायची. घटपर्णीचं असं असतं की झाड लगेच मरत नाही, पानं हिरवीगार येत राहतात, फक्त पानाच्या टोकाचा तो तंतू आणि त्याच्या शेंड्याला मुगाएवढा जो घड्याचा कोंब असतो तो काळा पडून वाळतो. घडा होतच नाही. मग माणसाला वाटतं खत कमी पडलं. कृपा करून कुंडीत खत टाकू नका, ही झाडं मुळात कस नसलेल्या जमिनीतली, म्हणून तर किडे पकडायला शिकली. आपल्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर बघा, पावसाळा ओसरता ओसरता कातळावरच्या बोटभर मातीत दवबिंदू उगवतात आणि सीतेची आसवं फुलतात, ती दोन्हीसुद्धा किडे खाणारीच, कारण तेच, मातीत काही नाही. कुंडीतल्या खताच्या क्षारांनी घटपर्णीची मुळं जळतात.

मग मी जरा खोलात जाऊन वाचलं. काचघरात घटपर्णी वाढवायचं वेड मूळचं इंग्लंडातलं, व्हीच नावाची मोठी नर्सरी होती, तिथल्या जॉन डॉमिनी या माळ्याने घटपर्णीचा पहिला संकर केला, तो १८६२ साली लोकांपुढे आला. त्यांचं काचघर होतं बाहेर बर्फ पडत असताना आत कोळसा जाळून ऊब धरायला. आपलं हे किट त्याच कल्पनेचं पोर आहे, ऊब धरून ठेवणारं. आपल्याला ऊब धरायची गरजच काय? बोर्निओच्या सखल जंगलात ज्या जाती वाढतात, अँपुलारिया, राफ्लेसियाना, बायकॅल्कराटा, त्यांना रात्री २० च्या वर आणि दिवसा तिशीच्या आसपास पाहिजे, ते आपल्याकडे फुकट मिळतं. आपल्याला धरून ठेवायचा आहे तो ओलावा, आणि घालवायची आहे ती गरमी.

म्हणून पहिल्या एप्रिलच्या शेवटी अण्णांनी आणि मी मिळून सगळी फिल्म उतरवली. अण्णा आधी नको म्हणत होते, एवढे पैसे घालून बांधलंय आणि सोलून काय टाकतोस. पण मांडव कसा घालायचा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनीच सुचवलं की वरची नेट सांगाड्याला चिकटून नको, हातभर वर रिपा ठोकून त्यावर ताण, म्हणजे मधून वारा खेळेल. ५० ची नेट वर, ७५ ची फक्त पश्चिमेकडून, आणि उत्तर-दक्षिण बाजू कमरेच्या वर मोकळ्या. त्याच मे महिन्यात आतलं तापमान ३६ च्या वर गेलं नाही. फिल्मचा एक तुकडा फक्त छपरावर पावसाळ्यापुरता घालतो, तोही निम्म्या भागावर, कारण जुलैच्या झडीत आठ-आठ दिवस घड्यात पावसाचं पाणी जाऊन आतला रस पार पातळ होतो आणि जड होऊन घडे कलतात.

फॉगरबद्दल. आठ फॉगर मिळून तासाला दोनशे लिटरच्या वर पाणी खातात, हे विकताना कुणी सांगत नाही. पावसाचं पाणी एवढं पुरणार नाही आणि आमची विहीर खाडीच्या बाजूला असल्यामुळे मे मध्ये मचूळ होते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, घेतलाय, पाचशे रुपयांचा, सगळ्यात उपयोगी खरेदी तीच. जानेवारीत विहिरीचं पाणी ९० दाखवतं, मे मध्ये ३४० पर्यंत गेलंय, आणि कौलांवरून पन्हळीतून टाकीत आलेलं पावसाचं पाणी दहा-बारा. घटपर्णीला पन्नासच्या खालचं द्यावं. विहिरीचं पाणी फॉगरमधून मारलं तर पानांवर पांढरे ठिपके पडतात आणि महिन्याभरात फॉगरची तोंडं बुजतात, माझे आठातले पाच बुजले, व्हिनेगरमध्ये बुडवून तीन सुटले.

यावर जो उपाय निघाला तो मला या सगळ्या खटाटोपात सर्वात आवडलेला. कंपनीचा माणूस म्हणालेला खाली कोबा करून घ्या, स्वच्छ राहतं. आम्ही कोबा केला नाही, चिऱ्याच्या खाणीवरून तुटके चिरे आणि जांभ्याचा बारीक चुरा एक टेम्पो आणून पसरला. जांभा म्हणजे सगळा भोकाभोकांचा दगड, पाणी पिऊन बसतो आणि हळूहळू सोडतो. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला विहिरीचं पाणी पाइपने त्यावर सोडायचं, मचूळ असलं तरी चालतं कारण ते मुळांना लागत नाही, कुंड्या वर मांडणीवर असतात. फेब्रुवारीत सकाळचा मतलई वारा सुटला की बाहेर हवा अगदी कोरडी होते, दुपारी ३८ टक्के आर्द्रता मी स्वतः बघितलीये, त्याच वेळी आत ६५-७०. फॉगर आता फक्त मार्च ते मे, दुपारी तीन वेळा दोन-दोन मिनिटं, तेही टाकीतल्या पावसाच्या पाण्यावर. हजार लिटरच्या दोन टाक्या ऑक्टोबरच्या शेवटच्या सरींत काठोकाठ भरून झाकून ठेवतो, उन्हाळ्याची बेगमी. फॉगरचं आणि कुंड्यांचं मिळून मेच्या शेवटापर्यंत जेमतेम पुरतं, यंदा तिसरी टाकी घेणार.

कुंडीत माती घालत नाही. धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ. सोडणं आपल्या वाडीतलीच चालतात पण समुद्राकाठच्या खड्ड्यात कुजवलेली घेऊ नका, खार असतो त्यात. मी आठवडाभर पावसाच्या पाण्यात भिजवून तीन-चारदा पाणी बदलतो आणि पिळलेलं पाणी मीटरवर बघूनच वापरतो.

गेल्या सप्टेंबरातली एक सकाळ सांगायलाच पाहिजे. राफ्लेसियानाचा एक घडा दहा-बारा दिवस बंद झाकणाने फुगत होता, दाबला तर आतलं पाणी हाताला कळायचं, कारण घडा उघडायच्या आधीच झाड स्वतःचा रस आत भरून ठेवतं. त्या दिवशी सात वाजता गेलो तर झाकण एका कडेने सुटलं होतं, दुपारपर्यंत पूर्ण वर झालं, आणि पुढच्या दोन दिवसांत काठ बाहेर वळत गेला, आधी पोपटी, मग त्यावर लाल पट्टे. तिसऱ्या दिवशी एक डोंगळा काठावरचा गोड रस चाटत फिरत होता, काठ कोरडा होता तोवर आरामात चालला. मग बारीक पाऊस आला, काठावर पाण्याचा पातळ थर बसला, आणि तोच डोंगळा त्याच जागी पाय ठेवताक्षणी सरळ आत. काठावर इतक्या बारीक पन्हळी असतात की पाणी त्यावर पसरून राहतं आणि मुंगीच्या पायाची पकड सुटते. पुस्तकात वाचलेलं, पण डोळ्यांनी बघितल्यावर मी दहा मिनिटं तिथेच उकिडवा बसून होतो.

झाडं कुठून घ्यायची हे सगळे विचारतात. सुरुवात व्हेंट्राटाने करा, संकर आहे, पडेल ते सोसतो. सखल भागातली मिराबिलिसही आपल्याकडे झकास होते. डोंगरावरच्या जाती घेऊ नका. मला एका विक्रेत्याने हमाटा विकली, सुलावेसीच्या उंच डोंगरातली, रात्री गारवा लागणारी, मी पत्ता रत्नागिरीचा दिला होता तरी एका शब्दाने विचारलं नाही की तुमच्याकडे रात्री किती असतं. साडेतीन हजार गेले आणि झाड मार्चला सुरू होऊन मेमध्ये संपलं, एकेक पान तपकिरी होताना बघणं फार जिवावर आलं. फोन केला तर म्हणे पाणी जास्त झालं असेल. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरची राजा ही जात किंवा असली कुठलीही उंचावरची जात कुणी कोकणात खपवायला लागला तर सरळ नाही म्हणा.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. भारतात जंगलात सापडणारी घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांतली, आणि ती संकटात आहे. ती आणि राजा साइट्सच्या, म्हणजे संकटातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, बाकी सगळ्या घटपर्णी दुसऱ्या. म्हणून खासियाना घ्यायची असेल तर नर्सरीत बियांपासून किंवा टिश्यूकल्चरने वाढवलेली आहे याचा कागद मागा, परदेशातून मागवलेल्या कुठल्याही जातीला तर परवाना आणि फायटो सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतंच. जुनं खोड, तुटकी मुळं, वेडीवाकडी फाटलेली पानं असं झाड स्वस्तात मिळत असेल तर ते बहुतेक जंगलातून उपटलेलं असतं. माझ्याकडची खासियाना कागदासह आलीये आणि तिला आता अकरा घडे आहेत.

सर्व्हिस मात्र वाईट. वर्षभरात झिगझॅग स्प्रिंगा आणि सगळे स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजले, एका बाजूचे तर हाताने तुटले. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की किनाऱ्यावरचा गंज वॉरंटीत बसत नाही. मग किनाऱ्यावर विकताना तसं सांगायचं होतं ना, मी स्टेनलेसचे पैसे आनंदाने दिले असते. शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी १८०० रुपयांत सगळे स्टेनलेसचे लावून दिले आणि वेल्डिंगच्या जागांना रेड ऑक्साइड मारला. पंप आणि टायमर अजून बिनतक्रार चालू आहेत.

माझे मार्क: सांगाडा पाचपैकी साडेचार, फॉगर तीन, फिल्म आपल्या हवेत एक, सर्व्हिस एक. घाटावर कुणी घेत असेल तर फिल्मला मी जास्त देईन. कोकणात घेणाऱ्याने नुसता सांगाडा, पंप आणि नेट एवढंच कोटेशन मागावं, स्टेनलेस स्क्रू आधीच लिहून घ्यावेत, माझ्या हिशोबाने बारा-तेरा हजार वाचतात आणि त्यात पाण्याच्या टाक्या येतात.

व्हेंट्राटाच्या वेली आता छपराला लागल्यात, जुलैत छाटणार आहे. दोन-तीन पेरांची छाट ओल्या मॉसमध्ये सावलीत ठेवली की साधारण दीड-दोन महिन्यांत मुळं धरते. रत्नागिरीच्या आसपास कुणाला हवी असेल तर कळवा, येताना आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणा, मीटरवर बघून देतो.