क्लिव्हियाची पानं तपकिरी: मातीची कुंडी की प्लास्टिकची?

शेजारच्या काकूंनी क्लिव्हियाचं पान आणून दाखवलं. "कुंडी बदलायचीच आहे, तर मातीची घेऊ की प्लास्टिकची?" पानाच्या मधोमध कागदासारखा वाळलेला, कडेला तपकिरी डाग. हे उन्हाचं काम. दक्षिण आफ्रिकेच्या जंगलात झाडांखाली वाढणारं हे रोप काकूंनी पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेलं! इथे कुंडी नाही, जागा बदलायची. बाहेरचं एखादं जुनं पान वाळलं तर तो नुसता वयाचा भाग.

कुंडीचा संबंध येतो तो पानं बुंध्याशी तपकिरी, मऊ पडून वास येतो तेव्हा. याची मुळं जाड, मांसल. स्वतःच पाणी साठवतात, ओल साचली की सडतात. मातीची कुंडी अंगातून ओल सोडते, त्यामुळे पावसाळ्यात तीच बरी. प्लास्टिकमध्ये वरून कोरडी दिसणारी माती खाली चिखल असते. बोट खुपसून बघा.

शेंडेच करपले तर बहुधा बोअरच्या पाण्यातले किंवा खताचे क्षार. मातीच्या कुंडीवर पांढरं पूट चढतं, निदान कळतं तरी. प्लास्टिक गप्प बसतं. उपाय दोन्हीकडे एकच: अधूनमधून भरपूर साधं पाणी घालून खालून वाहू द्यायचं.

प्लास्टिक स्वस्त, हलकं. शिवाय मुळं दाटली की मातीची कुंडी तडकूही शकते.

रोज पाणी घालायची सवय असेल तर मातीची. चार-चार दिवस गावाला जात असाल, किंवा कुंडी सतत उचलून हलवायची असेल, तर भोकं वाढवलेली प्लास्टिकची. काकूंच्या हातात कायम झारी असते, त्यांना मातीचीच सांगितली.