जुन्या मिनीचा फ्लायव्हील पुलर घेताय? आधी प्लेटची जाडी बघा

गाडी १९७८ची मिनी, ९९८ सीसी, आणि राहतो बर्मिंगहॅमला, म्हणजे मिनी जिथे बनायची त्या लाँगब्रिजच्या फॅक्टरीमुळे गाडीचं माहेरच. क्लच घसरायला लागला होता म्हणून हा पुलर, म्हणजे फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) ओढून काढायचं अवजार, मागवला. मिनीवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, की आपल्या पद्मिनीसारख्या गाड्यांत फ्लायव्हील क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) फ्लँजला बोल्टांनी बसवलेलं असतं, बोल्ट काढले, जरा ठोकलं की निघतं. मिनीत तसं नाही. मिनीचे डिझायनर इसिगोनिससाहेबांनी १९५९ला इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली सम्पमध्येच (तळाच्या तेलाच्या भांड्यात) कोंबला आणि फ्लायव्हील क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) चढवलं, मधे एकच जाडजूड बोल्ट. क्लचची प्लेट फ्लायव्हीलच्या मागे, इंजिनच्या बाजूला, म्हणून ते काढावंच लागतं; पण हे सगळं इंजिनच्या एका टोकाला, त्यामुळे क्लच बदलायला अख्खं इंजिन काढावं लागत नाही, त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, जॅकने इंजिन जरा उचलायचं, स्टार्टर आणि क्लचचं कव्हर काढलं की हात जातो. एवढं भारी डिझाइन, पण तो टेपर वर्षानुवर्षं बसलेला असला की जे काही घट्ट होतं ना, बाप रे.

आधी एका मित्राने त्याचा ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला पुलर दिला होता. सेंटर बोल्ट आवळत गेलो तर फ्लायव्हील जागचं हललं नाही, पुलरची प्लेटच मधून वाकायला लागली आणि कडेचे तीन बोल्ट ताणले गेले. तिथेच थांबलो, कारण त्यातला एखादा बोल्ट फ्लायव्हीलमध्ये तुटून बसला तर मग ड्रिल घेऊन बसा.

आता हा नवीन. किंमत त्याच्या दुप्पट, पण हातात घेतल्यावरच कळतं पैसे कुठे गेले ते. प्लेट चांगली जाड, सेंटर बोल्ट जाड आणि बारीक आट्यांचा, कडेच्या बोल्टांचे दोन सेट (जुन्या क्लचचा वेगळा आणि १९८२नंतरच्या व्हर्टो नावाच्या क्लचचा वेगळा), आणि क्रँकच्या तोंडावर ठेवायचा थ्रस्ट पॅड, जो फार महत्त्वाचा आहे कारण तो नसला तर सगळा जोर क्रँकच्या आट्यांवर येतो.

बॉक्समध्ये माहितीपत्रक मात्र नाही, साधा एक कागदसुद्धा नाही, आणि याचे गुण मी कापणारच. नवीन माणसाला कोण सांगणार की फ्लायव्हील ओढायच्या आधी एक आणि चार नंबरचा पिस्टन टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला) आणायचा, म्हणजे क्रँकच्या टोकाची खाच आडवी येते? तसं नाही केलं तर प्रायमरी गिअरचा (फ्लायव्हीलमागे क्रँकवर बसणाऱ्या गिअरचा) सी आकाराचा वॉशर खाली घसरून फ्लायव्हीलमागे अडकू शकतो, आणि मग तुम्ही पुलर आवळत बसता आणि तिकडे आत मोडतोड चालू. शिवाय फ्लायव्हीलच्या मधल्या मेन बोल्टला दीड इंची सॉकेट लागतो, तो यात येत नाही, वेगळा घ्या, आणि लांब दांड्याचा ब्रेकर बारही.

काम कसं झालं तर असं: सेंटर बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावलं, कडेचे तिन्ही बोल्ट सारखे आवळले म्हणजे प्लेट तिरकी बसत नाही, मग सेंटर बोल्ट हात दुखेपर्यंत आवळला आणि त्याच्या डोक्यावर जड हातोड्याचा एक सणसणीत ठोका. पुन्हा थोडं आवळा, पुन्हा ठोका. नुसतं आवळत राहून उपयोग नाही, टेपर धक्क्यानेच सुटतो. बायको दोनदा बाहेर येऊन बघून गेली, शेजारचे आजोबा कुंपणावरून सल्ले देत होते (त्यांच्या तरुणपणी म्हणे सगळ्यांकडेच मिनी होती), आणि मग एकदम बंदुकीसारखा आवाज करून सुटलं. समोर तोंड घालून बसू नका, फ्लायव्हील जड असतं, खाली लाकूड ठेवा. गॅसचा टॉर्च वगैरे कोणी सुचवेल, नको, मागेच ऑइल सील आहे.

पुलरला साधा ओरखडासुद्धा नाही, प्लेट सरळच्या सरळ.

परत बसवताना टेपर दोन्हीकडून स्वच्छ आणि एकदम कोरडा, तेलाचा थेंब नको, आणि मेन बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने), ११० ते ११५ पाउंड-फूट. माझ्या आधीच्या कोणीतरी बहुतेक अंदाजाने आवळला असणार, म्हणून तर एवढी झटापट.

पाचपैकी चार. एक गेला कागदासाठी. वर्षातून एकदाच लागणार असेल तर क्लबमधल्या कोणाकडून उसना मिळतोय का बघा, फक्त घेताना प्लेट हातात धरून बघा, पातळ वाटली तर सरळ परत द्या.