टॅबवर नोटेशन, आठ महिन्यांनंतर: आधी बिंदू तपासा

अकरा इंची टॅब, नोटेशनची पानं दाखवणारं मोबाइलशीट्स ॲप, हार्मोनियम आणि भातखंडे स्वरलिपी पद्धतीची जुनी पुस्तकं, असा हा वापर. बॅटरी, वेग, वजन उत्तम. तक्रार एकच, स्कॅनची, आणि तिच्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे.

झेरॉक्सवाले स्कॅन ‘साफ’ करून देतात: १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके), काळं-पांढरं, वर डाग घालवणारं फिल्टर. भातखंडे पद्धतीत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराखाली बिंदू असतो. अर्ध्या मिलिमीटरचा हा बिंदू त्यात जेमतेम ३ पिक्सेलचा उरतो आणि फिल्टर त्याला डाग समजून पुसून टाकतं. दरबारी रागाची पानं उघडावीत तर मंद्र सप्तकच नाही, सगळे स्वर मध्यात! मंद्र कोमल धैवताखाली कोमलची आडवी रेघ, बिंदू आणि मात्रेची चंद्रकोर अशी दाटी असते. तिथे बिंदू वाचला तरी रेघेला चिकटतो. म्हणून दुकानात आधीच सांगा: ३०० डीपीआय, ग्रेस्केल, फिल्टर बंद. फाइल मोठी झाली तर होऊ द्या. नंतर प्रत्येक पान पुस्तकाशी ताडून पाहा. पलुस्कर या दुसऱ्या स्वरलिपी पद्धतीत मंद्राचा बिंदू डोक्यावर असतो, तेव्हा अशा पानांवर गेलेले बिंदू अंदाजाने भरू नका.

अक्षर बारीक दिसतं ही तक्रार मात्र आता मागे. १६:१० च्या पडद्याची रुंदी सुमारे १४८ मिमी, म्हणजे ए-फोर पान ७० टक्क्यांवर येतं. दोन्ही बाजूंचा १५-१५ मिमी समास कापला की ८२ टक्के. बैठकीच्या अंतरावरून तेवढं पुरतं. मोठ्या टॅबचे पैसे वाचले.

पायाने पान उलटायचं पेडल हवंच, असं आधी वाटत होतं. खुर्चीत बसून कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी जरूर घ्यावं. मांडी घालून बसल्यावर पाय मोकळा कुठे असतो? भाता पूर्ण भरला की आतल्या हवेवर सूर क्षणभर टिकतो. तेवढ्यात डाव्या हाताने पान उलटतं. त्यासाठी डाव्या कडेच्या स्पर्शाला ‘पुढचं पान’ नेमा आणि अर्धं पान उलटण्याची सोय चालू ठेवा, म्हणजे खालच्या ओळी वाचून होईपर्यंत जागेवर राहतात.

लाकडी ठवणीवर टॅब घसरतो, खाली रबराची पट्टी हवी. दिवाळी पहाटेला अंधारात २० टक्के उजेड पुरतो, ऊन आलं की १०० टक्केही कमी पडतो. त्यात टॅब तापला की पडदा आपोआप मंद होतो. शेवटच्या दोन-तीन रचना कागदावर न्या.